बहाव्याखाली काय लावायचं

आई, तू पटकीनं गेली नाहीस हे मला आज दुपारी बाराच्या सुमारास कळलं. आत्ता चार वाजलेत. मधल्या वेळात मी नकाशासाठी राहिलेली दोन झाडांची मोजमापं पुरी केली, जेवले, नकाशावरच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवली. मोजमापं पुन्हा एकदा ताडून पाहिली. ती बरोबर आहेत. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे असं धरून मी लिहायला बसले आहे. मी भाटघरला आहे, धरणाच्या बंगल्यावर. बंगल्याच्या ज्या पडवीत तुला पाय ठेवायची परवानगी नव्हती तिथे मला टेबल-खुर्ची मांडून दिली आहे.

तू मला पुण्याच्या शाळेत पोचवलंस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता पंचविसावं संपत आलं. मधलं सगळं सांगत बसत नाही. शाळा झाली, मग मी शेतकी कॉलेजात गेले. वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि दुसरीनं लग्न ठरल्यावर सोडलं. आता मी बागकामाच्या खात्यात आहे. खात्यानं मला आठ दिवसांसाठी इथे पाठवलं, कारण तू घागरीनं पाणी घालून जगवलेली रोपं आता मोठी झाली आहेत. चार गुलमोहर, पाच बहावे, दोन कांचन आणि कोपऱ्यातलं ते एक तामण, सगळी जगली. त्यांची सावली पडून खालची हिरवळ मेली आणि उघडी माती दिसायला लागली. बंगल्यावर उतरणाऱ्यांना ती बरी दिसत नाही. तेव्हा कोणत्या फुलझाडाखाली कोणती छोटी झाडं शोभतील आणि जगतील याचा तक्ता करून द्यायचा, हे माझं काम. लोकांना हे हौसेचं काम वाटतं. तसं ते नाही. वरच्या झाडाची मुळं किती खोल जातात, त्याची सावली कोणत्या महिन्यात दाट आणि कोणत्या महिन्यात विरळ, वैशाखात पाणी कोण घालणार, आणि वरचं फुलत असताना खालच्यानं फुलायचं की गप्प बसायचं, हे आधी ठरवावं लागतं. झाड सुंदर आहे का, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो.

खरं तर यातली पहिली गोष्ट मला तूच शिकवलीस, हे मी कॉलेजात कोणाला सांगितलं नाही. बंगल्याच्या मागच्या आपल्या खोलीत चुलीपाशी तू भाकरी थापत होतीस आणि मी विचारलं होतं, की मोरीजवळच्या आंब्याखाली तू लावलेली हळद जोमानं येते आणि मी लावलेली मिरची का खुरटते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "थोरल्याच्या शेजारी बसायचं तर एका ताटात जेवायचं न्हाई." एवढंच. तुला समजावून सांगायची सवय नव्हती. कॉलेजात आमच्या सरांनी हेच सांगायला दोन तास घेतले, फळ्यावर मुळांच्या आकृत्या काढल्या. मी त्या नीट उतरवून घेतल्या. वर बसलेल्या माणसाला मात्र तू ते वाक्य कधी ऐकवलं नसतंस. तू बंगल्यावर येणाऱ्यांसमोर मान खाली घालून उभी राहायचीस आणि ते गेल्यावर मला त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचीस.

इथे तुझ्या वेळचेच माळी आहेत. मला ते माहीत नव्हतं. सोमवारी नसरापूरला मोटारीतून उतरून बैलगाडीनं इथे पोचले, तेव्हा ते फाटकाशी उभे होते, डोक्याला पांढरं मुंडासं बांधून. त्यांनी मला ओळखलं आणि ओळखलं असं दाखवलं नाही. मीही तसंच केलं. आम्ही दोघंही "बाईसाहेब" आणि "माळी" एवढ्यावर राहिलो. तू मला प्रत्येक माणसाला काय म्हणायचं ते बजावून सांगायचीस, पाणक्याला काका, चौकीदाराला आज्या, खानसाम्याला मामू. माळ्यांना काय म्हणायचं ते तू कधीच सांगितलं नाहीस. तू स्वतः त्यांना नुसतं "अवो" म्हणायचीस. "अवो, तिकडच्या आळ्यात पानी चढंना." मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. मुलांना आपल्या घरातला आवाज हा सगळ्या जगाचा आवाज वाटतो.

तीन दिवस मी मोजण्यात घालवले. सकाळी आठला, बाराला आणि चारला प्रत्येक झाडाची सावली कुठवर येते तिथे खुंट्या मारल्या. माळी फितीचं दुसरं टोक धरायचे. पाण्याच्या खेपा घालायला खालच्या वाडीतली एक बाई येते, तिशीची असेल, तिला गप्प बसवत नाही. पहिल्याच दिवशी तिनं घागर टेकवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाईसायेब, झाडाखाली झाड लावायला बी पुन्यात शिकवत्यात व्हय? आमच्यात तर न सांगता उगवत्यात." मी म्हटलं, न सांगता उगवतं ते काढायलाही शिकवतात. ती म्हणाली, "मग एकदा आमच्या घरी या. आमच्या धन्याच्या आळसाला लई मुळं हायत." माळी पहिल्यांदा हसले. मी नाही हसले, पण ते वाक्य वहीच्या कडेला लिहून ठेवलं. काल त्या पानावर पुन्हा नजर गेली आणि ते खोडलं. कामाची वही आहे.

काल संध्याकाळी तक्ता तयार झाला. गुलमोहराची मुळं वरच्यावरच पसरतात, तिथे खणलं तर झाड दुखावतं, म्हणून त्याच्याखाली फक्त नागदवणा, आणि तोही खोडापासून लांब. त्याची फुलं पांढरी असतात, त्यामुळे वरच्या लालाशी त्याचं भांडण नाही. कांचनाखाली अबोली, तामणाखाली ओल राहते म्हणून सोनटक्का. प्रश्न होता तो बहाव्याचा. बहावा उन्हाळ्यात पिवळाधमक असतो, सगळे त्याच्याकडे बघतात. पण श्रावण-भादव्यात तो नुसता हिरवा, कोणी वळूनही पाहत नाही. तेव्हा खाली असं काहीतरी हवं की जे त्याच वेळी फुलेल, उन्हाळ्यात जमिनीखाली झोपून राहील, पाणी मागणार नाही आणि त्याच्या ताटात जेवणार नाही. यादीत मी सातव्या ओळीत लिहिलं: कळलावी. तिचा कंद खोल असतो. पावसाबरोबर वेल वर येतो, पानाच्या टोकानं शेजारच्या झुडपाला धरून चढतो, भादव्यात त्याला ती ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुलं येतात आणि थंडीत सगळं वाळून जातं. विकत आणायला नको, इथल्या कुंपणात आहे, तुझ्या वेल्ह्याच्या माहेरी तर डोंगरउतारावर रान माजतं. शास्त्राच्या दृष्टीनं इतकी बरोबर निवड मी या नोकरीत दुसरी केलेली नाही. मी खूश होते. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "घराजवळ लावल्यास कलह होतो अशी लोकसमजूत. दुर्लक्ष करावे."

ती समजूत मला तुझ्याकडूनच माहीत होती, असं मी धरून चालले होते. मी सात-आठ वर्षांची असेन. आपण तुझ्या माहेरी गेलो होतो, भादवा होता, बांधावर ती फुलं लागली होती. मी मूठभर तोडली, एक कानात अडकवलं, खाली कंद दिसला म्हणून काडीनं उकरायला लागले. तू मागून आलीस. तू मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मारलं नाहीस, पण त्या दिवशी हातावर असा फटका दिलास की फुलं उडाली. मग तिथल्या तिथे चिंच आणि राख लावून माझे हात घासलेस, नखांच्या आतपर्यंत. मी रडत विचारलं, काय होतं गं त्यानं. तू म्हणालीस, "कळ लागती." मी कळ म्हणजे भांडण समजले. या दोघांत कळ कोणी लावली, असं आपण म्हणतोच. कॉलेजात सरांनीही नावाचा तोच अर्थ सांगितला आणि वर्ग हसला. मी तुझी आठवण काढून मनात म्हटलं होतं, की एका फुलापायी एवढा मार, आणि तोही अडाणी समजुतीपायी. त्या वेळी मला थोडा अभिमानही वाटला होता, की आपण त्यातून बाहेर पडलो.

आज सकाळी मी माळ्यांना तक्ता वाचून दाखवला. ते प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. सातव्या ओळीला त्यांनी मान डोलवली नाही. मी म्हटलं, कंद काढायला हीच वेळ बरी, पाऊस यायच्या आत कुंपणातले पंधरा-वीस काढून घ्या. ते म्हणाले, "समदं लावतो. ह्ये सातवं तेवढं न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजी न्हाई. दुसरं कायबी सांगा."

"भांडणं लागतात म्हणून? हा बंगला आहे. इथे कोणाचा संसार नाही."

पाणी घेऊन आलेली बाई मध्येच म्हणाली, "भांडनाला झाड कशाला पायजे, बाईसायेब? माझी सासू हाय की." माळी हसले नाहीत. "टाकीवनं आनखी दोन खेपा आन जा," त्यांनी तिला सांगितलं. "आत्ता तर आनल्या की," ती म्हणाली. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ती घागर उचलून गेली. मग त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि दुसऱ्या बहाव्याच्या आळ्याच्या कडेला बसले. मी उभीच होते. माझ्या हातात तक्ता होता.

"ही कळ भांडनाची न्हवं," ते म्हणाले. "बाळंतपनाची कळ. बाई अडली तर सुईन ह्येचा कंद उगाळती न् तळपायाला लावती. कळा सुरू झाल्या का लगोलग धुऊन टाकायचं. निस्ता लावायचा, प्वाटात घ्यायचा न्हाई. ज्यांला दिस भरायच्या आधी मोकळं व्हायचं आसतं, त्या घेत्यात. यखादी वाचती."

मी म्हटलं, "मग विषारी आहे असं सांगा. समजुतीचं काय कारण?"

ते म्हणाले, "तुमच्या आईनं घेतला."

आई, मला त्या क्षणी काय झालं ते मी जमेल तेवढं नेमकं लिहिते. आवाज बंद झाले. बहाव्यात भुंगे होते, ते दिसत होते आणि ऐकू येत नव्हते. मी समोरच्या डहाळीकडे पाहिलं आणि एका पानाला किती पर्णिका आहेत ते मोजलं. पाच जोड्या होत्या. मग शेजारच्या पानाच्या मोजल्या. त्यानंतर मी बोलले, आणि मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते. मी विचारलं, "कंद कोणत्या महिन्यात काढला होता?" ते म्हणाले, श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, "केवढा होता?" त्यांनी आपला अंगठा आणि पहिलं बोट ताणून दाखवलं. मी मान हलवली, जशी खताचं माप ऐकल्यावर हलवते तशी. मग मी विचारलं, "कोणी काढून दिला?" त्यांनी तो हात तसाच समोर धरला आणि म्हणाले, "म्या."

त्यांनी सांगितलं ते असं. तू त्यांना म्हणालीस, की माहेरी भावजयीचे दिवस वर गेलेत, सुईणीनं कंद मागितलाय. त्यांनी बंगल्यामागच्या कुंपणातून खणून, पळसाच्या पानात बांधून आणून दिला. वर तुला बजावलंसुद्धा, की हात धू. दुसऱ्या दिवशी तू टाकीपाशी ओकत बसलीस. उलट्या, जुलाब, घशात आग. त्यांनी खालच्या वाडीतून सुईणीला आणलं. तिनं तुझी जीभ पाहिली, मग आपल्या खोलीत जाऊन पाट्यावर बोट फिरवून वास घेतला आणि बाहेर येऊन त्यांना विचारलं, "किती म्हैन्याची व्हती?" त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तू दोन दिवस काढलेस. लोकांना पटकी वाटली, पटकीच सांगितली. मी कॉलेजात विषारी वनस्पतींच्या पाठात हे लिहून घेतलं आहे: या कंदाची विषबाधा पटकीसारखी दिसते. परीक्षेत मला हा प्रश्न आलाही होता. आणि त्या साली भाटघरला, खालच्या वाडीत, भोरात, दुसरं कोणीही पटकीनं गेलं नव्हतं. पटकी एका घरात शिरून एकच माणूस घेऊन गेली, हे मला इतक्या वर्षांत एकदाही विचित्र वाटलं नाही. मी साध्या किडीच्या बाबतीत अशी नोंद चालू दिली नसती.

मी विचारलं, "कोणाचं?" त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "आमी पाट लावनार व्हतो." मी वेड्यासारखी टाकीकडून येणाऱ्या पाण्याच्या पाटाकडे पाहिलं. मग अर्थ लागला. आपल्यात विधवेला दुसरा घरोबा करता येतो, पाट लावता येतो, त्यात चोरटं काही नाही. चार माणसं बोलवून झालं असतं. "म्या तिला आखाजीलाच म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "तीच न्हाई म्हनली. दोन वर्सं थांबा म्हनली. पोरीची सातवी हू द्या."

मला चुलत्यांच्या गावचा, कामथडीचा तो दिवस आठवतो. मला तो आजवर शाळेचा दिवस म्हणून आठवत होता. शाळेच्या छापील कागदावर पालकाचा अंगठा हवा होता आणि बाबा गेल्यावर माझा पालक म्हणजे चुलते. आपण दोघी त्यांच्या ओसरीवर बसलो आहोत. चुलते सुपारी कातरतायत. ते म्हणतात, "पोरगी धाची झाली. शाळंत घालून काय तिला मामलेदार करायची हाय?" तू म्हणतेस, "मामलेदार न्हाई, पर तुमच्या उंबऱ्यावर भाकर मागाय येनार न्हाई, एवढं करते." चुलती आतून म्हणते, "हिची जीभ बगा." मग चुलते म्हणतात, की अंगठा देतो, पण एक बोली. तू भंडारा उचलून शपथ घे, की पाट लावणार नाही. लावलास तर पोर आमची, त्या दिवशी येऊन घेऊन जाऊ आणि उजवून टाकू. तू भंडारा उचललास. मी अंगठ्याच्या शाईकडे बघत होते. ती किती लवकर वाळते ते मला पाहायचं होतं. पाट म्हणजे काय हे मला तेव्हा कळत होतं की नव्हतं, आठवत नाही. कळत असावं. मी विचार केला नाही, कारण कागद मिळाला होता.

म्हणजे हिशेब सरळ आहे. पाट लावला असतास तर शाळा गेली असती. दिवस गेल्याचं उघडं झालं असतं तर पाट लावावाच लागला असता. आणि तू कोणाला विचारलंही नाहीस, कारण सुईणीला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं, की हा लावायचा असतो, खायचा नसतो. माझ्या हातांना राख फासणारी तू, तुला तो विषारी आहे एवढं माहीत होतं. पण किती, हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तू ज्यासाठी घेतलास त्यामुळेच मला ते माहीत आहे. हे वाक्य मी दुपारपासून पाच वेळा मनात फिरवलं आणि ते दर वेळी तसंच राहतं.

नागपंचमीला तू मला भेटायला येणार होतीस. मी सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी होते, मेंदी लावलेले हात पुढे धरून. बाकीच्या मुलींच्या आया आल्या. संध्याकाळी मी हात धुतले आणि ठरवलं, की आता ही आली तरी बोलायचं नाही. तू गेल्यावर अकराव्या दिवशी कार्ड आलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून वाचून दाखवलं: तुझी आई पटकीने वारली, काळजी करू नये, येण्याची गरज नाही, अभ्यास करावा. खाली चुलत्यांचं नाव. मी रडले नाही, दुसऱ्या दिवशी भूगोलाची परीक्षा होती. मला वर्षानुवर्षं राग होता तो पटकीवर नाही, त्या अकरा दिवसांवर. कोणालाही मला बोलवावंसं वाटलं नाही, यावर. आज माळी म्हणाले, "कार्ड म्या लिवून घ्येतलं, भोरच्या पोस्टात. चुलत्याचं नाव घालाय लावलं. तिनंच सांगितलं व्हतं. पोरीला आनू नगा म्हनली. आनली तर कामथडीवाली तिला परत जाऊ देनार न्हाईत. धाव्याचा दिस झाल्यावर कळवा. ह्येच बोलत व्हती. दुसरं काय न्हाई बोलली." मग म्हणाले, "मला बी न्हाई."

मला तेव्हा त्यांच्याकडे पाहावं लागलं. मुंडासं सोडल्यावर त्यांचं डोकं लहान दिसतं. मी विचारलं, त्यांनी नंतर लग्न केलं का. "न्हाई केलं," ते म्हणाले. मला रागवायचं होतं, आणि कोणावर ते मला ठरवता येईना. त्यांच्यावर रागवावं तर त्यांनी पाट लावायला नाही म्हटलं नव्हतं. चुलत्यांवर रागवावं तर ते पुढल्या वर्षी मला न्यायला आलेसुद्धा होते. मोठ्या बाईंनी परीक्षेनंतर या म्हणून त्यांना परत पाठवलं आणि मग ते आलेच नाहीत. मला वाटतं, माझ्या लग्नाचा खर्च टळला म्हणून त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. म्हणजे ज्या माणसाच्या धाकानं तू हे केलंस, तो एका वर्षात कंटाळला. हे तुला सांगायला नको होतं, पण मी पत्र अर्धवट खरं लिहू शकत नाही.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही आज घरी जा. ते म्हणाले, "आळी अर्धी ऱ्हायलीत," आणि उठून कुदळ घेतली. मग दोन झाडं राहिली होती ती आम्ही मोजली. त्यांनी फितीचं टोक धरलं. पाणी आणणाऱ्या बाईनं दोघांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता घागर रिकामी केली.

तक्ता उद्याच्या टपालानं जायचा आहे. जेवण झाल्यावर मी सातवी ओळ कापली. कापलेल्या ओळीला कारण द्यावं लागतं. मी शेऱ्यात लिहिलं, "कंद अति विषारी. बंगल्यावर मुले येतात." हे खरं आहे आणि वरिष्ठांना पुरेल. तिच्या जागी भुईचाफा लिहिला. तो भादव्यात फुलत नाही, बहाव्याच्या फुलण्याबरोबरच जमिनीला चिकटून फुलतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी आणि भादव्यात पुन्हा ती जागा रिकामीच. निवड म्हणून ती कमी दर्जाची आहे. पडताळायला कोणी आलं तर ते मला सांगू शकेल, की बाई, इथे तुमचं चुकलं. मी मान्य करीन. माळ्यांना बदल वाचून दाखवला. ते "बरं" म्हणाले. कुंपणातले वेल काढून टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "म्या दर साली काढतो. खालनं येतंच."

हे पत्र तक्त्याच्या लखोट्यात चुकून जाऊ नये म्हणून मी ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. ते कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तू पोस्टमास्तरांकडून वाचून घ्यायचीस आणि हे काही त्यांनी वाचण्यासारखं नाही. एकच गोष्ट राहिली, ती लिहिते आणि उठते. तू मला विचारलं नाहीस, की तुला शाळा हवी की मी हवी. दुपारपासून मी ते स्वतःला विचारून पाहते आहे, अकरा वर्षांची होऊन आणि आजची होऊनही. अकरा वर्षांच्या मुलीनं शाळा म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही. मला वाटलं होतं, आज सगळं माहीत झाल्यावर उत्तर वेगळं येईल. मी तीनदा पाहिलं. ते वेगळं येत नाही.